गिटार आणि सिंथ एकाच अल्बममध्ये: नागपुरातल्या बँडसाठी रेकॉर्डिंगचा क्रम

गिटारवर उभा असलेला बँड इलेक्ट्रॉनिक संगीत मिसळून अल्बम करायला घेतो, तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट उलटी होते. आधी सवयीप्रमाणे ड्रम, बेस, गिटार, आवाज असं सगळं रेकॉर्ड होतं आणि मग त्यावर सिंथ (सिंथेसायझर), लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे), सीक्वेन्स (संगणकानं वाजवायचे स्वर-ठेके) बसवायचा प्रयत्न सुरू होतो. लूप दोन कडव्यांनंतर पुढे पळतो, सिंथ बेसुरा वाटतो, खालचा पट्टा, म्हणजे खोल स्वरांचा भाग, चिखल होतो. मग सगळे मिळून मिक्सवाल्याला दोष देतात. इलेक्ट्रॉनिक भाग म्हणजे पोह्यांवरची तर्री नव्हे. शेवटी ओतून चालत नाही. तो सांगाड्यात असावा लागतो आणि सांगाडा गिटारच्या आधी उभा राहतो.

खाली दिलेला क्रम घरची खोली, भाड्यानं घेतलेली सरावाची जागा आणि एखाद-दोन दिवसांचा स्टुडिओ एवढ्यावर अल्बम करणाऱ्या बँडसाठी आहे. टप्पे क्रमानेच घ्या. एखादा टप्पा वगळून पुढे गेलात, तर त्याची किंमत मिक्सच्या वेळी मोजावी लागते आणि तोवर ड्रमर पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

## १. प्रत्येक गाण्याचा कागद

प्रत्येक गाण्यासाठी एक कागद करा आणि तो सरावाच्या खोलीत भिंतीवर चिकटवा. त्यावर हे हवंच: टेम्पो, पट्टी, ट्यूनिंगचा संदर्भ, सॅम्पल रेट आणि बिट डेप्थ (डिजिटल रेकॉर्डिंगच्या बारकाव्याचे आकडे) आणि गाण्याचा पहिला बार (तालाचं आवर्तन) प्रोजेक्टमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या गाण्याच्या फाइलमध्ये, कुठे सुरू होतो तो आकडा.

टेम्पो अंदाजानं लिहू नका. बँडनं गाणं क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या टिकटिकीशिवाय) वाजवावं, फोनवर रेकॉर्ड करावं आणि मग कडवं आणि ध्रुवपद वेगवेगळं टॅप करून मोजावं. रॉक बँड ध्रुवपदात थोडा पुढे सरकतो, ते स्वाभाविक आहे. कडवं १०४ आणि ध्रुवपद १०६ बीपीएम (मिनिटाला मात्रा) निघालं, तर तसाच टेम्पो मॅप, म्हणजे कुठे किती वेग त्याचा नकाशा, सॉफ्टवेअरमध्ये बनवा. सीक्वेन्सर त्या मॅपमागे आपोआप चालतो. सगळं गाणं १०५ वर सपाट केलं की कडवं घाईचं आणि ध्रुवपद जड वाटतं. मग कोणीतरी म्हणतोच, “क्लिक बंद कर ना बे, फील जाते.” फील क्लिकमुळे जात नाही, चुकीच्या आकड्यामुळे जातो.

स्विंगही याच कागदावर लिहा. सीक्वेन्सरचे सोळांश (मात्रेचे चौथे भाग) काटेकोर सरळ असतात, ड्रमरच्या हाताला मात्र किंचित झोल असतो. सरळ म्हणजे ५० टक्के; तुमचा ड्रमर ५४ ते ५६ च्या आसपास वाजवत असेल, तर सीक्वेन्सरला तोच आकडा द्या. हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि आर्पेजिओ (कॉर्डचे सुटे-सुटे वाजणारे स्वर) एकमेकांना टोचतात, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

ट्यूनिंगचा संदर्भ ४४० हर्ट्झ ठेवा. जवळपास प्रत्येक सिंथ त्यावरच येतो. कोणाच्या ट्यूनरवर चुकून ४४२ लागलेलं असेल तर सुमारे ८ सेंटचा (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) फरक पडतो. एकट्या गिटारमध्ये तो कळत नाही, सिंथच्या लांब स्वराशेजारी लगेच कळतो. घरच्या हार्मोनियमवरून गिटार लावण्याची सवय असेल, तर ती या अल्बमपुरती बाजूला ठेवा.

सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सगळ्यांनी धरा. दोघे दोन घरी काम करत असतील तर इथेच घोळ होतो: ४४.१ वर रेकॉर्ड झालेली गिटार रूपांतर न होता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये वाजली, तर ती जवळजवळ दीड सेमिटोन वर जाते आणि वेगही त्याच प्रमाणात वाढतो. “काल तर बरोबर वाजत होतं” असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, ते बऱ्याचदा हेच.

तपासा: बँडमधल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर रिकामा प्रोजेक्ट उघडून हे आकडे जुळतात का, ते एकत्र बसून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

## २. जागावाटप

गिटार आणि सिंथ यांचं भांडण आवाजाच्या पातळीचं नसतं, जागेचं असतं. बेस गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर आहे. सिंथचा सब-बेसही तिथेच राहतो आणि इलेक्ट्रॉनिक किकचा गाभा ५० ते ६० च्या आसपास. तिघांनाही एकाच वेळी ती जागा मिळणार नाही. रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवा की कुठल्या भागात खालचा पट्टा कोणाचा.

दोन पद्धती चालतात. पहिली पाळीची: कडव्यात बेस गिटार, ध्रुवपदात सिंथ बेस. दुसरी थराची: १०० हर्ट्झच्या खाली सिंथची साधी साइन लहर, त्याच्या वर बेस गिटार, तिचा खालचा भाग फिल्टरनं कापलेला. दुसरी कानाला भरदार वाटते, पण बेसवाल्यानं सिंथच्या स्वरलांबीशी अगदी चिकटून वाजवावं लागतं. हात अजून तयार नसेल तर पहिली घ्या.

मधल्या पट्ट्यात तर जास्त काळजी. डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाडलेल्या आवाजाची) गिटार आणि रुंद सॉ-लहरीचा पॅड (सिंथचा लांब ताणलेला, भरीव आवाज) दोघंही साधारण २०० हर्ट्झपासून ४ किलोहर्ट्झपर्यंत भिंत उभी करतात. दोन भिंती एकमेकींवर ठेवल्या की आवाज मोठा न होता अस्पष्ट होतो. माझा साधा नियम असा: गिटार ताणून धरत असेल तर सिंथनं तुटक वाजवावं आणि सिंथ ताणून धरत असेल तर गिटारनं तुटक.

स्वरांचीही वाटणी हवी. गिटारवर डिस्टॉर्शन चढवून मेजर कॉर्ड वाजवला की त्यातला गांधार खरखरतो, कारण समान अंतराच्या ट्यूनिंगमधला गांधार कानाला शुद्ध वाटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो आणि डिस्टॉर्शन तो फरक मोठा करून दाखवतं. काही गिटारवादक कानानं ती तार थोडी उतरवतात. एकट्या गिटारला ते चालतं. सिंथ आला की मात्र सिंथचा गांधार वर आणि गिटारचा खाली, अशी ओढाताण होते. म्हणून जड भागात गिटारनं षड्ज-पंचम धरावा आणि गांधार सिंथला द्यावा. हे एवढं केलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

तपासा: फोनवरच्या कच्च्या डेमोत एकेक वाद्य बंद करून ऐका. एखादं बंद केल्यावर कोणालाच उणीव जाणवली नाही, तर ते आत्ताच काढा.

## ३. नागपूरचं वेळापत्रक

माइक लागणारी कामं आणि न लागणारी कामं वेगळी करा आणि वर्षाच्या हिशोबानं मांडा.

एप्रिल-मे-जूनमध्ये पारा ४५ कडे जातो, कूलर चोवीस तास चालतात. कूलर चालण्यासाठी खिडकी उघडी लागते, म्हणजे पंख्याचा घरघराट, पाण्याच्या मोटरचा आवाज आणि रस्ता असं सगळं माइकमध्ये. कूलर बंद केला तर दहा मिनिटांत गायक घामानं निथळतो. या महिन्यांत सिंथ, सीक्वेन्स, सॅम्पलचं काम करा, म्हणजे हेडफोनवरचं सगळं.

पावसाळ्यात आणि कूलरच्या दमट हवेत गिटारची मान हलते, तारांची उंची बदलते. गिटारचा सेटअप रेकॉर्डिंगच्या आठवड्यातच करा, दोन महिने आधी करून ठेवू नका.

ड्रम, अॅम्प आणि आवाज थंडीसाठी ठेवा. पण थंडी म्हणजे लग्नंही. तुळशीचं लग्न झालं की लॉन गजबजतात, डीजेचा खालचा ठेका दोन गल्ल्या ओलांडून खोलीत येतो. तुमच्या खोलीजवळ लॉन किंवा मंगल कार्यालय असेल, तर कॅलेंडरवरचे मुहूर्त आधी लाल करा. सगळ्यात उत्तम महिना पौष. बहुतेक घरांत पौषात लग्न काढत नाहीत, कूलर गच्चीवर झाकून ठेवलेले, पंखे बंद, हवा कोरडी आणि स्थिर. डिसेंबर-जानेवारीतला हा काळ आवाजासाठी राखून ठेवा. गणपती आणि नवरात्राच्या मधला पितृपक्षही शांत असतो. मात्र तेव्हा उकाडा शिल्लक असतो आणि पाऊस कधीही पत्र्यावर येतो.

वर्धा रोड-सोनेगाव बाजूला, विमानतळाजवळ राहत असाल तर विमानांच्या वेळाही बघून ठेवा.

## ४. वीज आणि खोली

गिटार आणि लॅपटॉप एकत्र जोडले की बऱ्याचदा हम (विजेची गुणगुण) येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम ५० वर आणि त्याच्या पटीत १००, १५० वर बसतो. बेसचा खालचा जी ४९ हर्ट्झवर आहे. म्हणजे हम त्याच्यापेक्षा साधारण ३५ सेंट वर, ना धड त्या स्वरात, ना पुढच्यात. जी पट्टीतल्या गाण्यात बेस सतत बेसुरा वाटत असेल, तर बेसवाल्याला बोलण्याआधी सगळे थांबा आणि हम ऐका.

शोध या क्रमानं घ्या:

गिटारचा आवाज पूर्ण खाली करा. हम गेला, तर तो गिटारच्या पिकअपमधून येत होता: सिंगल कॉइल असेल तर जागा बदलून, गिटार फिरवून, मॉनिटर आणि चार्जरपासून दूर जाऊन बघा. हम राहिला, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. तेव्हा गेला, तर ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थिंगमधून बनलेलं वेटोळं) आहे: सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, सिंथ आणि इंटरफेस (माइक-वाद्यं लॅपटॉपला जोडणारं यंत्र) यांच्यामध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल थेट रेकॉर्डिंगसाठी जुळवून देणारा डबा) टाका आणि तो ग्राउंड लिफ्टवर ठेवा. तरीही राहिला, तर घराचं अर्थिंग बघायला इलेक्ट्रिशियन बोलवा.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट आपल्या भागात सर्रास विसरली जाते. काळी माती उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत सुकते आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा विरोध वाढतो. जानेवारीत स्वच्छ असलेली खोली मे महिन्यात गुणगुणायला लागते, ती यामुळे. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत खरी आहे. खड्डा कुठे आहे ते घरमालकाला विचारून ठेवा.

सावधान: हम घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडू नका, टेप लावून बंद करू नका. हातात गिटार आणि ओठाजवळ माइक असताना शॉक बसला, तर तो जिवावर बेततो. डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडतो, विजेचं अर्थिंग नाही. म्हणून तो सुरक्षित आहे.

इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करायची वेळ आली तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का बघा. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर गिटारमध्ये माशी शिरल्यासारखा बझ येतो आणि तो नंतर काढता येत नाही. दिवे गेले की टेक (चालू रेकॉर्डिंग) थांबवा, इन्व्हर्टरचा उपयोग फक्त प्रोजेक्ट सेव्ह करायला करा.

खोलीसाठी अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांनी जवळजवळ काहीच शोषलं जात नाही. विदर्भात कापूस आहे, गादीवाले आहेत. जाड कापसाच्या गाद्या किंवा रजया भिंतीपासून वीतभर सोडून दोरीवर टांगा, गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना. मागची ती पोकळी महत्त्वाची, भिंतीला चिकटवलेली गादी निम्मंच काम करते. खालचा घुमारा यानं जाणार नाही. त्यासाठी मिक्स करणाऱ्यानं खोलीच्या मध्यभागी आणि कोपऱ्यात बसू नये, एवढं तरी पाळावं.

## ५. सांगाडा आधी

आता रेकॉर्डिंग. पहिला रेकॉर्ड होणारा थर गिटारचा नाही. टेम्पो मॅप, क्लिक, मुख्य सीक्वेन्स, सिंथ बेसचा आराखडा आणि फोनवर गायलेला कच्चा आवाज, एवढं उभं करा. आवाज अंतिम नसले तरी चालतील, ताल आणि स्वर मात्र अंतिम असायला हवेत.

सुरुवातीला दोन बार क्लिक रिकामे सोडा आणि सगळ्या फाइल पहिल्या बारपासूनच सुरू करा, वाद्य तिसऱ्या मिनिटाला येत असलं तरी. मग कोणतीही फाइल कोणाच्याही प्रोजेक्टमध्ये सुरुवातीला टाकली की आपोआप जागेवर बसते.

शहरातले आवाज सॅम्पल (गाण्यात बसवायचे रेकॉर्ड केलेले तुकडे) म्हणून वापरायचे असतील तर तेही इथेच येतात. संदलच्या मिरवणुकीचा ठेका, कळमना बाजारातला लिलावाचा गलका, मेट्रोच्या पुलाखालचा घुमारा, सगळं वापरण्यासारखं आहे. संदलचा रेकॉर्ड केलेला तुकडा जसाच्या तसा लूप करू नका; वाजवणारे मिरवणुकीत टेम्पो वाढवत जातात. एकेक ठोका कापून वेगळा करा आणि ग्रिडवर नव्यानं मांडा. ठोक्याच्या आधीचे काही मिलिसेकंद कापले जाणार नाहीत याकडे लक्ष द्या, नाहीतर चामड्याचा कडकडाट जातो आणि उरतो नुसता धप्प आवाज. ओळखू येण्याजोगा माणसाचा आवाज घेत असाल तर त्या माणसाला विचारा.

तयार सॅम्पल पॅकमधला गाजलेला लूप बदल न करता वापरलात, तर तोच लूप असलेल्या दुसऱ्या कोणाच्या गाण्याशी तुमचं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (हक्क असलेलं संगीत ओळखणाऱ्या यंत्रणेत) अडकू शकतं. कापा, उलटा करा, पट्टी बदला.

तपासा: सांगाडा लावून अख्खा बँड हेडफोनवर एकदा गाणं वाजवू दे. इथे कोणी अडखळलं तर टेम्पो मॅप बदला. पुढे गेल्यावर बदलता येणार नाही.

## ६. सिंथ गोठवा, मग माइक उघडा

हा टप्पा छोटा आहे, पण यालाच सगळ्यात जास्त टाळलं जातं. सिंथचे प्लगइन चालू ठेवून गिटार रेकॉर्ड करायला बसलात, तर लॅपटॉप दमतो. त्याला सांभाळायला बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तेवढे सॅम्पल) १०२४ करावा लागतो आणि ४८ किलोहर्ट्झवर १०२४ म्हणजे फक्त एका दिशेनं २१ मिलिसेकंद उशीर. हाताला तार लागते आणि कानाला आवाज नंतर येतो. वादक नकळत पुढे ढकलून वाजवतो. म्हणून सगळे सिंथ तात्पुरते ऑडिओत उतरवून गोठवा, बफर १२८ वर आणा, म्हणजे तोच उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत येतो.

उन्हाळ्यात हेच काम करताना लॅपटॉप गादीवर ठेवू नका. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि टेकमध्ये टिक-टिक असे खड्डे पडतात. ते रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्ये कायमचे राहतात.

## ७. ड्रम

मिश्र अल्बममध्ये ड्रमला पूर्ण संचाचा आवाज लागतोच असं नाही. किक आणि खालचा ठोका इलेक्ट्रॉनिक, स्नेअर आणि झांजा खऱ्या, ही वाटणी घरच्या साधनांत उत्तम जमते. झांजांचा खरा आवाज मशीनमधून आणणं सर्वात कठीण, किकचा सर्वात सोपा.

खरा संच घेत असाल तर दोन्ही ओव्हरहेड (संचाच्या वर टांगलेले) माइक स्नेअरच्या मध्यापासून समान अंतरावर ठेवा, दोरीनं मोजा. अंतर चुकलं तर स्नेअर पोकळ होतो.

खरा किक आणि इलेक्ट्रॉनिक किक एकत्र वाजणार असतील, तर दोन्ही लहरी झूम करून बघा. एक वर जात असताना दुसरी खाली जात असेल, तर दोघं एकमेकांना खातात. एकाची पोलॅरिटी उलटी करा (लहर वरची खाली), काही मिलिसेकंद सरकवा आणि ज्या जागी छातीला जास्त लागतं ती जागा ठेवा. डोळ्यांनी जुळवून थांबू नका, अंतिम निकाल कानाचा.

ड्रम ग्रिडवर शंभर टक्के ओढू नका. सीक्वेन्स आधीच काटेकोर आहे. ड्रमही तेवढाच काटेकोर केला, तर माणसानं वाजवायचं कारणच उरत नाही. चुकलेले ठोके हातानं सुधारा, बाकी सोडा.

## ८. बेस आणि गिटार

नव्या तारा आदल्या दिवशी चढवा, ओढून ताणून घ्या. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर एकच दाखवतात का, ते प्रत्येक तारेवर बघा. दाबलेला स्वर वर जात असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, खाली जात असेल तर पुढे. सिंथशेजारी वाजणाऱ्या गिटारला ही तपासणी ऐच्छिक नाही.

खालची तार जोरात मारली की पहिल्या क्षणी काही सेंट वर जाते. ड्रॉप डी लावत असाल तर खालची तार जाड घ्या. ट्यूनिंगही हळू वाजवून न करता गाण्यात जेवढ्या जोरानं मारणार तेवढ्याच जोरानं मारून करा. दर दोन टेकनंतर पुन्हा जुळवा. वैताग येतो, तरी करा.

प्रत्येक टेकचा कोरडा डीआय सिग्नल (अॅम्प आणि इफेक्टशिवाय थेट वायरीतून आलेला) रेकॉर्ड करा, अॅम्प माइकवर घेत असलात तरी. पुढे सिंथचा अंतिम आवाज बदलला की गिटारची टोन बदलावी लागते आणि तेव्हा डीआय असेल तर तीच वाजवणी दुसऱ्या अॅम्पमधून पुन्हा काढता येते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तर हाच मार्ग आहे, शेजाऱ्यांशी संबंध टिकतात. पातळी सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास ठेवा, शिखर उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड केल्यानं काही बिघडत नाही, क्लिप झालेलं मात्र सुधारत नाही.

अॅम्पला डायनॅमिक माइक जाळीपासून दोन-तीन बोटं दूर ठेवा, शंकूच्या मध्यावर नको, कडेच्या बाजूला. मध्यावर आवाज टोकदार येतो आणि तीच जागा सिंथच्या लीडला लागणार आहे.

डिस्टॉर्शन नेहमीपेक्षा कमी ठेवा. एकट्यानं ऐकताना ते कमी वाटेल, गिटारवाला कुरकुर करेल. डावी-उजवीकडे दोन वेगळ्या टेक मांडल्या आणि खाली सिंथ बेस आला की तीच गिटार दुप्पट मोठी वाटते. डाव्या-उजव्यासाठी एकच टेक कॉपी करून वापरू नका. तशानं रुंदी येत नाही, खरंच दोनदा वाजवा.

डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) टेम्पोला बांधा. गणित सोपं: ६०,००० भागिले बीपीएम म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. १०० बीपीएमला ६००, त्याचा पाऊण भाग ४५०. पेडलवर अंदाजानं फिरवलेला डिले आर्पेजिओशी दोन बारांत भांडायला लागतो. गाण्यात टेम्पो मॅप असेल तर डिले रेकॉर्ड न करता नंतर प्लगइननं लावा, तो मॅपमागे चालतो.

तपासा: गिटार आणि सिंथ पॅड, दोघंच वाजवा, बाकी सगळं बंद. लांब स्वरात लाटेसारखा चढ-उतार ऐकू आला तर ट्यूनिंग चुकलंय. ती टेक ठेवू नका.

## ९. आवाज

सकाळी लवकर घ्या, रस्ता जागा व्हायच्या आत. मराठी शब्दांत भ, फ यांची हवा माइकवर आपटते. पॉप फिल्टर (हवा अडवणारी जाळी) वीतभर पुढे आणि माइक ओठांच्या किंचित वर, खाली वळवलेला. पंखा, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायला कोणालातरी सांगून ठेवा.

पिच सुधारणा जलद लावली तर मींड आणि हरकती पायऱ्या-पायऱ्यांसारख्या होतात. यंत्रासारखा आवाज हवा असेल, तर तो एका दुसऱ्या थरावर करा आणि मुख्य गाणं मोकळं राहू द्या.

## १०. सिंथचा अंतिम आवाज, मग मिक्स

आता गोठवलेले सिंथ पुन्हा उघडा. रेकॉर्ड झालेली खरी गिटार ऐकत ऐकत त्यांचे फिल्टर, लांबी, रुंदी बसवा. इथे पुष्कळदा पॅड अर्धा कापावा लागतो. कापा. मग प्रत्येक सिंथ ऑडिओ फाइल म्हणून उतरवा, कोरडा आणि इफेक्टसह, दोन्ही. सहा महिन्यांनी तो प्लगइन उघडेलच याची खात्री नसते. मिडी फाइलही (वाजवलेल्या स्वरांची नोंद) सोबत ठेवा.

हार्ड डिस्कचा हिशोब आधी करा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे मिनिटाला सुमारे ८.६ एमबी. पाच मिनिटांचं, चाळीस ट्रॅकचं गाणं पावणेदोन जीबीच्या आसपास, आणि ते एकाच टेकचं. दोन डिस्कवर प्रत ठेवा, दोन्ही एकाच घरात ठेवू नका.

मिक्स खालून वर करा. आधी किक आणि बेस. किकचा ठोका पडताना सिंथ बेस २-३ डीबी दबेल असा साइडचेन (एका वाद्याच्या इशाऱ्यानं दुसरं दाबणारा कॉम्प्रेसर) लावा. क्लबसारखा उसासा हवा असेल तरच जास्त. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो. गिटारवर ८० ते १०० च्या खाली कापा. मग स्नेअर आणि आवाज, मग गिटार, शेवटी पॅड.

रिव्हर्बमध्ये (जागेचा घुमार देणारा इफेक्ट) नेहमीची चूक अशी की सिंथला मोठा हॉल आणि गिटारला खोली, त्यामुळे दोघं दोन गावात उभे राहिल्यासारखे वाटतात. दोघांनाही थोडं थोडं एकाच छोट्या खोलीच्या रिव्हर्बमध्ये पाठवा. सिंथचा मोठा हॉल नंतर त्यावर. उलटही करून बघा: सिंथ गिटारच्या अॅम्पमधून वाजवून माइकवर घ्या. मला मिश्रणाचा सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच वाटतो; दोघांवर एकाच स्पीकरची धूळ बसते आणि कान त्यांना एका बँडमधले समजतो.

तपासा: फोनच्या स्पीकरवर लावा. बेसची सुरावट तिथेही कळायला हवी. सब-बेस फोनवर वाजतच नाही. म्हणून सिंथ बेसला थोडं सॅचुरेशन (हलकं डिस्टॉर्शन) देऊन वरचे स्वरांश तयार करा. नंतर गाडीत ऐका, काचा बंद करून आणि उघडून.

## ११. अल्बमचा क्रम आणि मास्टर

सगळी गाणी एका प्रोजेक्टमध्ये ओळीनं मांडा. इलेक्ट्रॉनिक वजनाची गाणी सगळी एका बाजूला आणि गिटारची दुसऱ्या बाजूला गेली, तर ऐकणाऱ्याला दोन अर्धे अल्बम मिळतात. शेजारच्या गाण्यांचे टेम्पो आणि पट्ट्या कागदावरून बघा. एका गाण्याची शेपूट दुसऱ्यात मिसळायची असेल, तर फाइल मधोमध कापताना सॅम्पलच्या अचूकतेनं कापा आणि फेड देऊ नका, नाहीतर स्ट्रीमिंगवर मध्ये खड्डा ऐकू येतो.

स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) पातळी आणतं. त्यापेक्षा खूप जोरात मास्टर केलं, तर ते खाली ओढलं जातं आणि दाबलेपणा तेवढा राहतो. ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डीबी ठेवा, खूप जोराचं मास्टर असेल तर उणे २.

## १२. कागदपत्रं आणि मंचासाठीच्या फाइल

अपलोडच्या आधी कोणी काय लिहिलं, कोणी कशाला चाल दिली, याचा टक्क्यांचा कागद सगळ्यांच्या सहीनं करा. सिंथचा सीक्वेन्स ज्यानं बांधला तो संगीतकार आहे की प्रोग्रामर, हा प्रश्न अशा अल्बममध्ये हमखास येतो आणि गाणं चालल्यावर तो विचारला गेला तर बँड फुटतो. गीतकार-संगीतकारांनी त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा ओळख क्रमांक लागतो, बहुधा वितरकच देतो; रीमिक्सला वेगळा क्रमांक. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं असेल, तर प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी ते पोचलेलं हवं. प्रत्यक्षात तीन-चार आठवडे आधी अपलोड करा.

त्याच बैठकीत मंचासाठीच्या फाइलही काढा. प्रोजेक्ट डोक्यात ताजा आहे तोवर प्रत्येक गाण्यातले सिंथ आणि सीक्वेन्स एका ट्रॅकवर, क्लिक दुसऱ्या ट्रॅकवर, दोन्ही पहिल्या बारपासून. इंटरफेसला चार आउटपुट असतील तर सीक्वेन्स स्टीरिओत जाईल. दोनच असतील तर डावीकडे सीक्वेन्स मोनोत आणि उजवीकडे क्लिक, आणि उजवी वायर फक्त ड्रमरच्या हेडफोनला. साउंडवाल्याला दोन्ही वायरींवर टेप लावून नावं लिहून द्या, कारण क्लिक एकदा मुख्य स्पीकरमध्ये गेला की गाणं थांबवल्याशिवाय तो बाहेर काढता येत नाही.